न गाळलेली माती

रेजी,

तुझ्यावर चार ओळी लिहून दे, असं आमच्या समितीच्या अध्यक्षांनी मला सांगितलं. "जमीन वाचवण्याच्या लढ्यातील आपली कलावंत भगिनी" अशी सुरुवात कर म्हणाले. मी म्हटलं, ती कुणाची भगिनी-बिगिनी नव्हती, ती माझ्याशी भांडायची. "गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत, शालिनी," ते म्हणाले. मग त्यांच्या चार ओळी मी त्यांच्यावरच सोडल्या आणि हे वेगळं लिहायला बसले. आपलं पत्रक एकाच बाजूला छापतात, मागची बाजू कोरी राहते. तिथे हे छापणार आहे. कुणी हरकत घेतली तर बघून घेईन.

यात तुझा जन्म, तुझी कलाशाळा, तुझ्या तापाचे दिवस, काही नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि तुझ्या गावाला तर तुझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आधी मला तुझ्यावर रागवू दे. ओल्या फडक्याखाली एक माणूस बसवून ठेवलास आणि निघून गेलीस. अर्धा माणूस. त्याला हात नाहीत. फडकं सुकलं की तो तडकणार, म्हणून तू गेल्यापासून मी रोज अंधेरीहून चालत तुझ्या गावठाणात येते आणि त्याला पाणी घालते. त्याला कायमचा वाचवायचा कसा, हे तू सांगितलं नाहीस. काय करायचं नाही, तेवढं मात्र वर्षभर सांगत होतीस. भाजायचा नाही. सभेत मांडायचा नाही. माती गाळायची नाही. अशा बाईचं मागे राहिलेलं काम सांभाळायचं म्हणजे काय असतं, ते एकदा येऊन बघ.

तुझी माझी ओळख पत्रकावरूनच झाली. तुमच्या गावाची भातशेती एका सरकारी योजनेत जाणार होती, काही गेलीही होती. मी घरोघर पत्रकं वाटत फिरत होते. तू तुमच्या मागच्या भाताच्या खोलीच्या दारात बसली होतीस. कोपरापर्यंत चिखल.

"वाच ना," मी कागद पुढे केला.

"हात बघ ना," तू म्हणालीस. "तूच वाच."

मी वाचलं. मला तेव्हा मोठ्याने वाचायला आवडायचं, माझं स्वतःचं लिहिलेलं तर फारच. "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो! उठा! या काळ्या योजनेला मूठमाती द्या!"

"माती कुणाकडची?" तू विचारलंस.

"म्हणजे?"

"आमचं शेत तारेच्या आत गेलं. मूठमाती द्यायची तर मूठभर माती तरी पायजे ना? ती तुमची समिती वाटणार आहे काय?"

मी म्हटलं, हा वाक्प्रचार आहे.

"तू कधी दिलीस गं मूठमाती? तुमच्यात तर बायका घरीच बसतात. आमच्यात खरी देतात." आणि मग तू मला पाण्याचा तांब्या दिलास, कारण माझा चेहरा उतरला होता. त्या तांब्यालाही चिखल होता. मी प्यायले. त्या दिवसापासून कुठल्याही पत्रकात तो शब्द मला लिहिता आला नाही. छापखान्यातले खिळे जुळवणारे काका म्हणायचे, "काय ताई, यंदा कुणाला मूठमाती नाही?" मी म्हणायचे, माती कमी पडतेय.

ती भाताची खोली म्हणजे तुझा स्टुडिओ. गावात सगळे "इस्टुडिओ" म्हणून हसायचे. कोठार रिकामं झालं होतं. शेतच नाही तर भात कुठून येणार? तू छपरातली दोन कौलं काढून तिथे काच बसवलीस. बैलगाडीचं जुनं चाक आडवं टाकून त्याच्यावर फळी ठोकलीस, म्हणजे पुतळा फिरवून सगळीकडून बघता येईल. आणि कोपऱ्यात ती टाकी. तुमच्याच शेतातली माती, तारेखालून सरपटत जाऊन घमेल्यातून आणलेली. तू मला ते सांगितलंस तेव्हा मी उडालेच. "स्वतःच्या शेतात चोरी! रेजी, हे मला लिहू दे. एका ओळीत सगळी योजना उघडी पडते."

"लिहिलंस तर तार आणखी खाली आणतील," तू म्हणालीस. "अजून दोन घमेली आणायची हायत."

आणली नाहीस. त्याआधीच त्यांनी तिथे मुरूम टाकला. म्हणून टाकीत जेवढी माती होती तेवढीच. एक पुतळा मोडायचा, माती भिजवायची, दुसरा करायचा. त्यामुळे तुझं एकही काम उरत नसे, आणि मला ते सहन होत नसे.

कलाशाळेत तुला माती गाळायला शिकवलं होतं. कापडातून गाळली की लोण्यासारखी होते म्हणे, बोटाला लागत नाही. तुझ्या टाकीतल्या मातीत मुळं, तूस, शिंपल्यांचे तुकडे, एकदा तर गोगलगाय. मी म्हटलं, "शिकलीस ना? मग गाळ ना."

"गाळली की ती कुणाची पण माती होते," तू म्हणालीस.

मला ते वाक्य आवडलं होतं. तेव्हा सांगितलं नाही, कारण तू लगेच पुढे म्हणालीस, "हे पण छापू नको."

तुमच्या घरात कुणी बोलत नसे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. आमच्या चाळीत आई भाजी चिरतानासुद्धा शेजारणीशी भांडते. तुमच्याकडे तू आणि तुझे वडील सायमनबाबा, दोघंच. जेवायला ये. दिवा लाव. दार ओढ. एवढंच. तुझी आई गेल्यापासून असंच होतं आणि शेत गेल्यावर तेही कमी झालं. जे बोलता येत नसे ते घेऊन तू त्या खोलीत जायचीस. बैल विकले त्या आठवड्यात तू बैलाची नुसती मान केलीस. जू घासून घासून जिथे कातडं जाड होतं, तेवढीच जागा. बाकी बैल नाहीच. मी म्हटलं, "जनावराचं दुःख काय घेऊन बसलीस? माणसाचं कर."

"माणसाचं येत नाय अजून. मानेपासून सुरुवात करते."

फादरनी तुला मावलीचा, म्हणजे देवमातेचा, पुतळा करशील का म्हणून विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस ते गावात अजून सांगतात. "फादर, तिची माझी तेवढी ओळख नाय." फादरसुद्धा हसले होते.

आणि माझं डोकं! मी समोर बसून पत्रक लिहीत होते आणि तू माझं डोकं करत होतीस. मला वाटलं, आता बघा, लढाऊ तरुणी. फडकं काढलंस तर सगळा चेहरा म्हणजे तोंडच. उघडं. कान एवढे एवढे, वाटाण्यासारखे. मी तीन दिवस तुझ्याकडे आले नाही. आले तेव्हा तू चाक फिरवलंस. डाव्या कानातून भाताचा हिरवा कोंब आला होता. न गाळलेली माती, ओलं फडकं, मग दुसरं काय होणार?

"बघ," तू म्हणालीस. "कानात काय शिरत नाय तुझ्या, पण उगवतं."

मी हसले नाही असं कुणाला सांगू नकोस. आपण दोघी त्या चाकाला धरून खाली बसलो होतो.

तू तो कोंब काढून तुपाच्या डब्यात लावलास. आगेऱ्याच्या दिवशी, नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा तुमचा सण तो, तुमच्या घरातून न्यायला काहीच नव्हतं. तू त्या डब्यातली एकुलती एक लोंबी परडीत ठेवलीस. सायमनबाबांनी विचारलं, "ही कुटली?" तू म्हणालीस, "शालूच्या कानातली." ते हसले. शेत गेल्यावर त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. मग तू माझं डोकं मोडलंस आणि परत टाकीत टाकलंस. "हे तरी ठेव," मी म्हणत होते. "मग बाबाला कुठून करू?" तू म्हणालीस. माती तेवढीच.

तर आज फडक्याखाली बसलेल्या माणसाच्या गुडघ्यात कुठेतरी माझं डोकं आहे.

त्याच्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं, आणि ते अर्धंच राहिलं. ते मी आता पूर्ण करणार आहे. तुला बोलता येत नाही हा माझा दोष नाही.

तू सायमनबाबांना ते ओट्यावर बसतात तसंच बसवलं होतंस. पाठ थोडी पुढे, मान थोडी वळलेली, कुणीतरी हाक मारेल अशी. मला बघताक्षणीच कळलं की हे चांगलं आहे. तुझ्या आधीच्या सगळ्या कामांहून चांगलं. म्हणून मी म्हटलं, हा पुतळा सभेत ठेवू या. व्यासपीठावर. शंभर भाषणं करून होणार नाही ते हा एकटा करील. फक्त मूठ वळलेली कर.

"बाबानं मूठ कधी वळली नाय."

"नसेल वळली. आता वळलेली दाखव."

"वळतो. पेरताना वळतो," तू म्हणालीस. "तुझ्या सभेत ती चालेल काय?"

मला राग आला. मी म्हटलं, लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जातंय, पोटातला घास जातोय, आणि तू एका माणसाच्या पाठीचा बाक नीट करत बसतेस. ही चैन आहे. आणि मग जे मनात होतं तेही म्हटलं. म्हटलं, तुझ्या बाबांनी जमिनीच्या कागदावर निमूट सही केली याची तुला लाज वाटते, आणि ती लाज तू मातीत लपवतेस.

तू हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "लाज वाटते. लपवत कुठं हाय? हेच तर करते." मग थोडा वेळ माती दाबत राहिलीस. "राग येतो, शालू. लाज वाटते. आणि संध्याकाळी तो बशीतल्या चहावर फुंकर मारतो ना, तेव्हा रडू येतं. तिन्ही एकदम येतात. तुझ्या पत्रकात तिन्ही एका ओळीत बसवून दाखव. मग करते मूठ."

मी म्हटलं, उद्या दाखवते.

मग तुझा ताप. मला कुणी कळवलं नाही. तुमच्या घरात बोलत नाहीत ना! मला कळलं तेव्हा तू ओळखत नव्हतीस कुणाला. गावात डॉक्टर नाही, दवाखाना कुठल्या कुठे, रस्ता असा की बैलगाडीनेही कण्हावं. मी चिडून त्याच्यावर पत्रक लिहायला घेतलं. अजून घेतलेलंच आहे. "जनतेच्या आरोग्याशी चाललेला हा खेळ" इथपर्यंत येते आणि थांबते. पत्रकाला जनता लागते, आणि माझ्याकडे फक्त तू. पण ते पत्रक मी लिहिणार. डॉक्टर आणीन तेव्हाच थांबेन. ही शोकाची गोष्ट नाही, ही हक्काची गोष्ट आहे, आणि या बाबतीत तरी तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस.

तुला पुरलं तेव्हा मी आले. आई नको म्हणत होती, मुलींनी असल्या ठिकाणी जाऊ नये म्हणून. तुमच्यातल्या बाया पुढे झाल्या तशी मीही झाले. कुणीतरी माझ्या हातात माती दिली. लाल होती, खडी होती. तुझ्या टाकीतली नव्हती. मी ती कितीतरी वेळ धरून ठेवली. मागच्या बाईने हळूच म्हटलं, "टाक गं बाय, मागं मानसं उभी हायत." मी टाकली. आवाज होतो, रेजी. त्या शब्दाला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता पुतळ्याचं सांगते, कारण त्याचा निकाल लागला आहे.

मी कुंभाराला गाठलं. तुझं ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू नाहीस, निदान हा तरी राहू दे. भाजून घट्ट होऊ दे, माझ्यानंतरही राहू दे. रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपल्यावर कुंभार हातगाडी घेऊन आला. फडकं काढून त्याने बोट दाबून पाहिलं.

"ताई, हा भरीव हाय. मागून कापून आतून पोकळ करावा लागंल, नाय तर भट्टीत फुटंल. आणि ही माती... चाळली नाय कुणी? ह्यो बघा शिंपला."

"चाळली नाही," मी म्हटलं. "मुद्दामच."

"मुद्दाम?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे. "बघू. कापतो जपून." त्याने खिशातून तार काढली.

तेवढ्यात दारात सायमनबाबा. ते त्या खोलीत कधी येत नसत, तुलाही ठाऊक आहे. रिकामं कोठार बघायला कोण येईल? माझ्या मनात सगळं भाषण तयार होतं. त्यांच्या लेकीची कला, गावाची अस्मिता, पुढच्या पिढ्या. त्यांनी विचारलं, "ह्यो कोन?" आणि मला एवढंच म्हणता आलं, "तुम्हीच, बाबा."

त्यांनी चाक फिरवलं नाही. स्वतःच सगळ्या बाजूंनी फिरले. मग थांबले.

"मी असा बसतो?"

"हो."

"सगला दिस?"

मी मान हलवली.

"मना कवा बोलली नाय," ते म्हणाले.

कुंभार बिचारा टोपी हातात घेऊन उभा होता. बाबांनी खाली वाकून बघितलं. "हात?"

"राहिले, बाबा. वेळ नाही मिळाला तिला."

"राहिले नाय," ते म्हणाले. "मी कुटं ठेवतो ते बगत असंल. मनाच ठाव नाय, तिला कसा कलनार?"

कुंभाराने विचारलं, "कापू काय?" बाबांनी त्याच्या हातातली तार बघितली. "कशाला?" मी समजावलं. पोकळ करायचा, सुकवायचा, भाजायचा. मग त्याला काही होत नाही. मग तो कायमचा.

"आन् पानी?"

"मग पाणी लागत नाही, बाबा. काहीच करावं लागत नाही."

त्यांनी कुंभाराने काढून ठेवलेलं ओलं फडकं उचललं.

"मग नको," ते म्हणाले.

मी वाद घातला. घालणारच. म्हटलं, असाच ठेवला तर एक दिवस विसराल, उन्हाळ्यात सुकेल, तडकेल, कान गळून पडेल, नाक गळून पडेल. "तडकंल तवा बगू," म्हणाले. कुंभाराला मी परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "बरं झालं ताई, माझा पन हात धजत नव्हता."

मला अजूनही वाटतं की लोकांनी तो बघायला हवा होता. तुझी बाजू बरोबर होती असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावासारखी किती गावं आहेत, किती ओट्यांवर असे किती जण बसलेले आहेत, त्यांना एकमेकांची तोंडं कोण दाखवणार? पत्रक दाखवतं थोडंफार. तुझा बाबा दाखवू शकला असता. हे भांडण मी सोडलेलं नाही. पण तुझ्या त्या तीन गोष्टी एका ओळीत बसवायला मी रोज बसते, आणि रोज एक बाहेर राहते. कधी राग बसतो, तेव्हा चहावरची फुंकर बाहेर. फुंकर बसली की लाज बाहेर. तू हे बोटांनी कसं करायचीस, ते तुला विचारायचं राहिलं. तू माझं तोंड एवढं मोठं केलंस, पण त्यातून हा एक प्रश्न काही बाहेर पडला नव्हता.

काल नेहमीसारखी आले तर फडकं आधीच भिजलेलं. सायमनबाबा आत होते. बादलीत हात घालून दुसरं फडकं पिळत होते, घाईगडबड न करता. मला बघून सरकले. मी तांब्या पुढे केला, तर त्यांनी माझा हात अडवला.

"लई नको घालू," ते म्हणाले. "तिला थंडी वाजंल."

मी प्रुफं तपासणारी मुलगी. "तिला" नव्हे, "त्याला", पुतळा तुमचा आहे, बाबा, असं अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि फडक्याचं दुसरं टोक धरलं.